वसईचे धर्मबंधु गोन्सालो व त्यांचे सोबती

आमच्या धर्मग्रामाच्या महोत्सवानिमित्त निघणाऱ्या ह्या स्मरणिकेसाठीं एखादा ऐतिहासिक लेख लिहावा, अशी विनंती मंडळाच्या चिटणीसमहाशयांनीं आम्हांस केली. विनंती म्हणावयाची खरी. परंतु ज्या सुरांत ती झाली तिला आज्ञा म्हणणेंच रास्त होईल. त्याप्रमाणें आम्ही जुन्या वह्या काढून बसलों. बाप्तिस्म्याच्या वहींत मुलाचें नांव आहे, आईबापांचीं नांवें आहेत, धर्ममातापित्यांचीं आहेत, आणि शेवटीं धर्मगुरूंची सही ठसठशीत आहे. लग्नाच्या वहींतही तोच प्रकार. येथें होऊन गेलेल्या धर्मगुरूंची यादी अर्ध्या तासांत तयार झाली. परंतु पहांटे घंटा कोण वाजवीत असे, वेदीवरचीं वस्त्रें कोण धूत असे, पावसाळ्याच्या रात्रीं धर्मगुरूंस आजाऱ्याच्या घरीं कंदील धरून कोणी नेलें, ह्याविषयीं एक अक्षरही त्या वह्यांत नाहीं. वह्यांचा दोष नाहीं. त्या त्यासाठीं नव्हत्याच.

त्याच आठवड्यांत मंडळाची बैठक भरली. मिरवणुकींत पुढें कोणी चालावयाचें आणि पत्रिकेंत कोणत्या संघाचें नांव आधीं छापावयाचें, ह्या दोन प्रश्नांवर दोन तास खल झाला. कोण काय बोललें तें येथें सांगण्याचें प्रयोजन नाहीं. आम्हींही शांत राहिलों नाहीं एवढें कबूल करतों. त्या रात्रीं झोंप येईना, तेव्हां आपल्याच किनाऱ्यावरच्या एका पुण्यपुरुषाचें चरित्र आम्हीं पुन्हां हातीं घेतलें. तेंच आज वाचकांपुढें ठेवीत आहों.

संत गोन्सालो गार्सिया ह्यांचा जन्म इ. स. १५५७ च्या सुमारास वसई येथें झाला. वसई १५३४ सालीं गुजराथच्या सुलतानाकडून पोर्तुगीजांच्या हातीं गेली होती, आणि तेथील कोट, देवळें व मठ ह्यांच्या उभारणीचा तो काळ. वडील पोर्तुगीज, आई ह्याच भूमीची. मुलाचें शिक्षण येशूसंघीय गुरूंच्या शाळेंत झालें. फादर सेबास्तियाव गोन्साल्विस नांवाच्या गुरूंचा त्याच्यावर लोभ होता. ते जपानला निघाले तेव्हां पंधरा वर्षांचा हा मुलगाही त्यांच्याबरोबर गेला. हें १५७२ सालचें. फ्रान्सिस झेवियर जपानच्या भूमीवर उतरल्यास तेव्हां तेवीस वर्षें झालीं होतीं.

जपानी भाषा युरोपांतून येणाऱ्या प्रौढ मिशनऱ्यांस अतिशय अवघड जाई. आमच्या वसईच्या मुलानें ती कोवळ्या वयांत, खेळतां बोलतां आत्मसात् केली. तो धर्मशिक्षक झाला. गुरूंबरोबर गांवोगांव हिंडून लोकांस ख्रिस्ती धर्माचीं मूलतत्त्वें शिकवूं लागला. येशूसंघांत आपणांस घ्यावें अशी त्याची मोठी इच्छा होती. ती पुरी झाली नाहीं. आज नाहीं, पुढें पाहूं, असें होतां होतां वर्षें निघून गेलीं. नकार देणाऱ्यांच्या मनांत काय होतें ह्याची चिकित्सा आम्ही करणार नाहीं. वरिष्ठांच्या जागीं बसून उमेदवारांस परत पाठविण्याचें काम किती कठीण असतें हें ज्यांनीं केलें त्यांनाच ठाऊक. परंतु ज्याला परत पाठविलें त्याच्या मनाचें काय झालें असेल, हा विचार मात्र टाळतां येत नाहीं. वर्षानुवर्षें ज्या घराची सेवा केली त्या घराचा उंबरठा ओलांडावयास मिळूं नये, ही गोष्ट लहान नव्हे.

नवा करार वाचतांना आम्हांस नेहमीं योसेफ बार्सबा ह्याची आठवण होते. यहूदाची जागा भरावयाची होती. दोन नांवें पुढें आलीं. चिठ्ठी मत्थियाची निघाली. मत्थिया प्रेषित झाला. बार्सबा त्या दिवशीं घरीं जाऊन काय म्हणाला हें पवित्र लेखकानें लिहून ठेवलें नाहीं. मत्थिया ह्या नांवाची गांठ पुढें पुन्हां पडणार आहे, म्हणून एवढें सांगितलें.

गोन्सालो ह्यांनीं व्यापार आरंभिला, आणि तो चांगला चालला. मकाव व जपान ह्यांमध्यें त्यांची ये-जा होती. पुढें ते फिलिपाइन्समध्यें मनिला येथें गेले आणि फ्रान्सिस्कन संन्याशांच्या सहवासांत आले. १५८७ च्या सुमारास, तिशीच्या वयांत, सर्व व्यापार सोडून त्यांनीं त्या संघांत प्रवेश केला. परंतु धर्मगुरु म्हणून नव्हे, धर्मबंधु म्हणून.

धर्मबंधु म्हणजे काय हें आमच्या तरुण वाचकांस सांगावें लागेल, कारण आज धर्मबंधु फार थोडे दृष्टीस पडतात. व्रतें घेतलेला परंतु गुरुदीक्षा न झालेला तो संन्यासी. तो मिस्सा अर्पीत नाहीं, पापनिवेदन ऐकत नाहीं. स्वयंपाकघर, बाग, दरवाजा, आजाऱ्यांची शुश्रूषा, दारोदार भिक्षा, हें त्याचें क्षेत्र. असा मनुष्य धर्मगुरु होऊं शकला नाहीं म्हणून धर्मबंधु झाला, असें लोक समजतात. आम्हीही तसेंच समजत होतों.

आमच्या गुरुविद्यालयांत एक वृद्ध धर्मबंधु होते. घड्याळास चावी देणें, पादत्राणें दुरुस्त करणें, रात्रीं दारें लावणें हीं त्यांचीं कामें. त्यांस लॅटिन येत नसे, आणि प्रार्थनेंतील लॅटिन शब्दांचे ते जे उच्चार करीत त्यांची नक्कल आम्ही विद्यार्थी रात्रीं करून हंसत असूं. तिसऱ्या वर्षीं आमचें मन ह्या मार्गावरून उडालें होतें. पेटी भरून ठेवली होती. ही गोष्ट कोणासही ठाऊक नव्हती; परंतु आमच्या चपलेचा तुटलेला अंगठा त्यांनीं न सांगतां शिवून पेटीवर आणून ठेवला आणि म्हणाले, “जायचें झालें तरी अनवाणी जाऊं नका.” आम्ही गेलों नाहीं. पुढें बारा वर्षांनीं ते वारले, तेव्हां आम्ही एका मोठ्या सणाच्या तयारींत गुंतलों होतों. अंत्यविधीस जातां आलें असतें, परंतु गेलों नाहीं. ही चूक आमची आहे आणि ती आतां दुरुस्त होण्यासारखी नाहीं.

मूळ विषयाकडे वळूं. १५९३ सालीं मनिला येथील स्पॅनिश गव्हर्नरानें जपानचा सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी ह्याच्याकडे वकील पाठविला. ह्या कामीं फादर पेद्रो बाप्तिस्ता ह्या थोर फ्रान्सिस्कनाची योजना झाली. ते विद्वान होते, उत्तम उपदेशक होते. परंतु जपानी भाषा त्यांस येत नव्हती. ती येत होती धर्मबंधु गोन्सालो ह्यांस. तेव्हां वकिलातीचें मस्तक पेद्रो बाप्तिस्ता, आणि जीभ आमचे वसईकर. हिदेयोशी त्या वेळीं कोरियावरील मोहिमेसाठीं क्युशू बेटावरील नागोया येथें तळ देऊन होता. फिलिपाइन्सनें आपलें स्वामित्व मान्य करावें अशी त्याची मागणी होती. अशा माणसासमोर दुसऱ्याचे शब्द, त्यांत अधिकउणें न करतां, त्याच्या भाषेंत मांडावयाचे आणि त्याचा राग आपल्या कानांनीं आधीं ऐकून मग तो आपल्या वरिष्ठांस सांगावयाचा, हें काम ज्यांनीं कधीं दुभाष्याचें काम केलें आहे त्यांसच कळेल. चांगल्या दुभाष्याची खूण ही कीं, बोलणें संपल्यावर तो कोणाच्या लक्षांत राहत नाहीं.

वकिलातीस क्योतो येथें राहण्याची परवानगी मिळाली. तेथें त्यांनीं मठ व देऊळ बांधलें आणि महारोग्यांसाठीं रुग्णालयें उघडलीं. ह्या सर्व खटाटोपांत गोन्सालो ह्यांवांचून पान हलत नसे, हें सांगावयास नको.

आतां एक अप्रिय गोष्ट सांगणें भाग आहे. संतांच्या चरित्रांत ती बहुधा गाळतात. आमच्या मतें गाळूं नये. जपानांतील धर्मप्रचाराचें काम येशूसंघानें एकट्यानें करावें, असें पोप तेरावे ग्रेगरी ह्यांनीं १५८५ सालीं ठरवून दिलें होतें. १५८७ सालीं हिदेयोशीनें मिशनऱ्यांस हद्दपारीचा हुकूम काढला. तो कसोशीनें अंमलांत आला नाहीं, परंतु तेव्हांपासून येशूसंघीय फार सावधपणें, गाजावाजा न करतां काम करीत होते. अशा वेळीं फ्रान्सिस्कन आले, संघाचा झगा घालून राजधानींत उघडपणें वावरूं लागले, आणि देवळाचीं दारें सताड उघडीं ठेवूं लागले. एक पक्ष म्हणे, ह्यांच्या उतावळेपणानें सगळ्यांचा घात होईल. दुसरा म्हणे, ह्यांच्या भीतीनें सुवार्ता झांकली जात आहे. दोन्ही पक्ष प्रामाणिक होते. दोघांचेंही थोडें थोडें खरें होतें, आणि म्हणूनच वाद मिटेना. ज्यांनीं गोन्सालो ह्यांस लहानाचें मोठें केलें ते एका बाजूस, ज्यांनीं त्यांस आपल्यांत घेतलें ते दुसऱ्या बाजूस. आमच्या बैठकींतला वाद ह्यापुढें काय!

१५९६ च्या आक्टोबरांत मनिलाहून मेक्सिकोकडे निघालेलें ‘सान फेलिपे’ नांवाचें मोठें गलबत वादळांत सांपडून जपानच्या तोसा प्रांताच्या किनाऱ्यास लागलें. त्यांतील अमोल माल हिदेयोशीनें जप्त केला. त्या प्रकरणांत झालेल्या बोलाचालींतून मिशनरी म्हणजे स्पेनच्या स्वारीचे अग्रदूत, असा संशय त्याच्या मनांत भरविला गेला. तो कोणी भरविला ह्यावर अजूनही इतिहासकारांचें एकमत नाहीं. डिसेंबरांत क्योतो व ओसाका येथील फ्रान्सिस्कनांच्या घरांभोवतीं पहारे बसले. त्या गलबतावरील फेलिपे नांवाचा मेक्सिकोचा एक तरुण संन्यासी गुरुदीक्षा घेण्यासाठीं मायदेशीं चालला होता. तो क्योतोच्या मठांत येऊन राहिला होता आणि तेथेंच पकडला गेला. गुरुदीक्षा त्याला मिळालीच नाहीं.

चोवीस जणांची यादी झाली. ही यादी वाचकांनीं नीट पाहावी, कारण तींत धर्मगुरु तीनच आहेत. पेद्रो बाप्तिस्ता, मार्तिन व फ्रान्सिस्को ब्लांको. बाकीच्यांत दोन फ्रान्सिस्कन धर्मबंधु, म्हणजे गोन्सालो व त्यांचे सोबती फ्रान्सिस्को दे सान मिगेल. येशूसंघाचे पौल मिकी उत्तम वक्ते होते, परंतु त्यांचीही गुरुदीक्षा अजून व्हावयाची होती. त्यांच्याबरोबर योहान गोतो हा एकोणीस वर्षांचा धर्मशिक्षक, आणि चौसष्ट वर्षांचे याकोब किसाई. राहिले ते प्रपंचांतले जपानी ख्रिस्ती लोक. ओसाकाच्या मठाचा स्वयंपाकी योआकिम आहे; तरवारी घडविणारा कोस्मे आहे; बाण करणारा मिगेल कोझाकी आणि त्याचा चौदा वर्षांचा मुलगा तोमास आहे; वेदीसेवा करणारीं अंतोनियो आणि लुईस हीं तेरा व बारा वर्षांचीं मुलें आहेत.

आणि मत्थिया आहे. यादींतला मत्थिया दुसराच होता. शिपाई नांव पुकारूं लागले तेव्हां तो मठांत नव्हता. शेजारचा एक ख्रिस्ती मनुष्य पुढें आला आणि म्हणाला कीं, माझेंही नांव मत्थिया आहे आणि मीही ख्रिस्ती आहें. शिपायांस संख्या भरल्याशीं काम. त्यांनीं त्यास घेतलें.

३ जानेवारी १५९७ रोजीं क्योतो येथें सर्वांच्या डाव्या कानाचा तुकडा कापण्यांत आला. मूळ हुकूम नाक व दोन्ही कान कापण्याचा होता. इशिदा मित्सुनारी नांवाच्या सरदारानें तो सौम्य केला. मग गाड्यांत घालून शहरांतून धिंड, आणि ओसाका व साकाई येथूनही तीच गत. त्यानंतर भर हिवाळ्यांत नागासाकीपर्यंतचा प्रवास. एकूण मजल सुमारें ८०० किलोमीटर.

ह्या वाटेवर चोवीसांचे सव्वीस झाले, आणि आमच्या दृष्टीनें सर्व वृत्तांतांतील हा सर्वांत हृदयंगम भाग आहे. फादर ऑर्गान्तिनो ह्या येशूसंघीय गुरूंनीं पेद्रो सुकेजिरो नांवाच्या एका माणसास कैद्यांची देखभाल करण्यासाठीं मागोमाग पाठविलें होतें. फ्रान्सिस्को नांवाचा क्योतोचा एक सुतार तर कोणीही न पाठवितां त्यांच्यामागून चालत होता. हे दोघे कैद्यांस खावयास देत, थकलेल्यास आधार देत. पहारेकऱ्यांनीं त्यांस हटकलें, लुबाडलें, आणि शेवटीं कैद्यांतच जमा केलें. कोणतेंही न्यायपत्र नाहीं, कोणताही हुकूम नाहीं. आपण त्यांच्यांतले नाहीं असें म्हणण्यास त्यांस कोणीही अडविलें नव्हतें. आणि येथें हेंही पाहावें कीं, फ्रान्सिस्कनांची सेवा करण्यास माणूस पाठविला तो येशूसंघीयांनीं. तीन वर्षें चाललेला वाद त्या रस्त्यावर कोठें गेला कोण जाणे.

वाटेंत मिहारा येथें कोवळ्या तोमासनें आपल्या आईस पत्र लिहिलें. तें पुढें त्याच्या वडिलांच्या रक्तानें माखलेल्या वस्त्रांत सांपडलें. धाकट्या भावांस संभाळ, असें त्यानें तींत लिहिलें आहे. आणि असेंही कीं, मरणसमयीं धर्मगुरु जवळ नसले तरी पापांबद्दल खरा पश्चात्ताप असला म्हणजे पुरे. ह्या वाक्याकडे आम्ही पुन्हां येणार आहों. मिहारा आज हिरोशिमा प्रांतांत मोडतें. १९०३ सालीं आपलें ‘निरोप्या’ मासिक सुरू करणारे हेन्री डोरिंग हे पुढें पुण्याचे बिशप झाले, आणि १९२१ पासून कांहीं वर्षें ह्याच हिरोशिमाच्या मिशनाचे प्रमुख होते. मग पुन्हां पुण्यास आले. एकाच मनुष्यानें मराठी ख्रिस्ती वाचकांची आणि त्या रक्तसाक्ष्यांच्या वाटेवरील लोकांची सेवा केली, ही गोष्ट आमच्या लोकांस फारशी ठाऊक नाहीं.

५ फेब्रुवारी १५९७ च्या सकाळीं ते नागासाकीस पोहोंचले. त्या सकाळीं महारोग्यांच्या इस्पितळाच्या प्रार्थनामंदिरांत योहान गोतो व म्हातारे याकोब किसाई ह्यांनीं फादर पासियो ह्यांच्यासमोर येशूसंघाचीं व्रतें घेतलीं. ज्या संघाच्या दारांत गोन्सालो वर्षानुवर्षें उभे होते तो संघ ह्या दोघांस मरणाच्या दारांत मिळाला. गोन्सालो तेथून थोड्याच अंतरावर होते. ही वार्ता त्यांच्या कानीं गेली असल्यास त्यांस काय वाटलें असेल? हेवा वाटला असेल असें आम्हांस वाटत नाहीं. परंतु वाटला असता तरी आम्ही त्यांस दोष दिला नसता.

निशिझाकाच्या टेकडीवर सव्वीस क्रूस ओळीनें ठेवलेले होते. वृत्तांतांत असें येतें कीं, गोन्सालो सर्वांच्या आधीं पोहोंचले, थेट एका क्रूसापाशीं गेले आणि हा माझा का, असें विचारलें. शिपायांनीं तो नव्हे म्हणून सांगितलें व दुसऱ्या क्रूसापाशीं नेलें. तेथें त्यांनीं गुडघे टेकले आणि त्याला मिठी मारली. आम्हीं हें चरित्र अनेकदां वाचलें आहे. प्रत्येक वेळीं ह्या ठिकाणीं थांबावें लागतें. ज्या मनुष्यानें उभ्या आयुष्यांत एका दारावर माझें घर हेंच का म्हणून विचारलें आणि नव्हे असें उत्तर ऐकलें, त्यानें शेवटच्या घटकेसही तोच प्रश्न विचारला, तेंच उत्तर ऐकलें, आणि दाखविलेल्या जागीं जाऊन गुडघे टेकले.

पौल मिकी ह्यांनीं क्रूसावरून उपदेश केला. मुलांनीं स्तोत्र गाइलें. प्रत्येकास भाल्यानें विंधण्यांत आलें. गोन्सालो त्या वेळीं सुमारें चाळीस वर्षांचे होते.

इ. स. १६२७ मध्यें पोप आठवे अर्बन ह्यांनीं ह्या रक्तसाक्ष्यांस धन्य म्हणून गौरविलें, आणि ८ जून १८६२ रोजीं पोप नववे पायस ह्यांनीं सव्वीसही जणांस संतपद दिलें. भारतांत जन्मलेल्यांपैकीं संतपदास पोहोंचलेले पहिले आमचे धर्मबंधु. त्यांच्यानंतर भारतीय संताचें नांव ऐकण्यास २००८ साल उजाडावें लागलें. मधल्या काळांत वसईचा कोट १७३९ सालीं चिमाजी अप्पांनीं घेतला; युरोपीय संन्यासी निघून गेले, मठ ओस पडले, आणि तेथील ख्रिस्ती लोकांस देशी धर्मगुरूंनीं व घरोघरच्या आईबापांनीं संभाळलें. तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

जपानांत काय झालें तें मात्र सांगितलें पाहिजे. १६१४ सालीं तेथें ख्रिस्ती धर्मास संपूर्ण बंदी झाली, आणि १६४४ नंतर त्या देशांत एकही धर्मगुरु उरला नाहीं. लोक मात्र उरले. गुप्तपणें राहणाऱ्या ह्या ख्रिस्ती लोकांनीं कामें वांटून घेतलीं. एकानें ख्रिस्ती दिनदर्शिका संभाळावयाची, म्हणजे सण व उपवास चुकूं नयेत. एकानें बाप्तिस्मा द्यावयाचा. एकानें घरोघर निरोप पोहोंचवावयाचा. पापनिवेदन नाहीं, मिस्सा नाहीं. होता तो पश्चात्ताप, जो चौदा वर्षांच्या तोमासनें आईस कळविला होता तोच. कोणीही आपणांस धर्मगुरु म्हणवून घेतलें नाहीं. दिनदर्शिका संभाळणाऱ्यानें दिनदर्शिका संभाळली, पाणी घालणाऱ्यानें पाणी घातलें, आणि आपलें काम पुढच्या पिढीच्या हातीं देऊन ते मेले. असें दोनशें वर्षांहून अधिक काळ चाललें. नागासाकी येथें ह्याच सव्वीस संतांच्या नांवानें नवें देऊळ उभें राहिलें तेव्हां, १७ मार्च १८६५ रोजीं, उराकामी गांवचे कांहीं लोक दबकत तेथें आले. एका स्त्रीनें फ्रेंच धर्मगुरु पेतिजां ह्यांच्या कानांत सांगितलें कीं, आमचें व तुमचें हृदय एकच आहे. आणि पवित्र मरियेची मूर्ति कोठें आहे असें विचारलें. त्या स्त्रीस ही ओळख ज्यांच्यामुळें झाली त्या निरोप्यांचीं व पाणी घालणाऱ्यांचीं बहुतेक नांवें कोणत्याही वहींत नाहींत.

आमच्या धर्मग्रामाकडे येतों. मिरवणुकीचा प्रश्न मंडळानें सोडविला आहे: क्रूसाच्या मागोमाग वेदीसेवक मुलें चालतील, आणि संघांचा क्रम चिठ्ठ्या टाकून ठरेल. ज्यांची चिठ्ठी शेवटीं निघेल त्यांनीं आमच्याजवळ चालावें; आमची जागा शेवटींच असते. ह्या स्मरणिकेच्या अखेरीस दोन पानें कोरीं सोडलीं आहेत. छापखान्याची चूक समजूं नये. जुन्या देवळाची घंटा वाजविणारे, वेदीचीं वस्त्रें धुणाऱ्या, मुलांस ओटीवर बसवून धर्मशिक्षण देणाऱ्या, धर्मगुरूंच्या घरीं चूल संभाळणारे, ह्यांपैकीं ज्या कोणाचें नांव वाचकांस आठवत असेल तें त्यांनीं रविवारच्या दुसऱ्या मिस्सेनंतर वस्त्रागारांत येऊन सांगावें. म्हाताऱ्या मंडळींस येणें जमत नसेल तर आम्हीच घरीं येऊं. निरोप मात्र धाडावा. जुन्या देवळाचे एक घंटानाद करणारे एका पायानें अधू होते, आणि तरीही पहांटेची घंटा कधीं चुकली नाहीं, एवढें आम्हांस तिघांनीं सांगितलें आहे. त्यांचें नांव अजून कोणास सांगतां आलें नाहीं.